रोडगा कोणाचा?

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास न्यू जर्सीहून पुतणीचा फोन आला. तिकडे सकाळ होती आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. "काका, तुमचे जावई पहाटेपासून अंगणात धूर करून बसलेत. टर्की स्मोकरमध्ये ठेवली आहे, दुपारपर्यंत होईल म्हणतात. मी म्हटलं, एवढा विस्तव आहेच तर बाजूला चार रोडगे टाकावेत. होतील का?"

तिला मी उत्साहानं सगळी कृती सांगितली. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "यांना मी सांगितलंय, आमच्या वऱ्हाडात रोडगे बायकांचं काम नाही. पुरुषच करतात. तुमच्या टर्कीसारखंच."

"खरंच आहे ते," मी म्हणालो.

आई दिवाणावर बसून वाती वळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "हो नं बा. अन् गोवऱ्या आभायातून पडतेत."

आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिच्या बोलण्याकडे हसून दुर्लक्ष करण्याची आम्हा भावंडांना सवय आहे. पण या वेळी ते वाक्य मला झोंबलं, कारण काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी वऱ्हाडी खाद्यसंस्कृतीवर लेख लिहिला होता आणि त्यात दोन विधानं ठामपणे केली होती. एक, रोडगा हा मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या बाटीचा वऱ्हाडी अवतार आहे. दोन, तो शेतावरच्या पुरुषांचा पदार्थ आहे. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसानं ही दोन्ही विधानं ऐकीव माहितीवर छापून टाकली होती. त्यानंतरचं वर्ष मी ती तपासण्यात घालवलं. हा लेख म्हणजे त्या स्मरणिकेतल्या लेखाची दुरुस्ती आहे.

*

ज्यांनी रोडगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख करून द्यायला हवी. गहू जाडसर दळायचा. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून कणीक घट्ट भिजवायची. तिच्या लहान लहान पोळ्या लाटायच्या. एकीला तेल लावून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी चळत करायची आणि सगळ्यात खालच्या पोळीच्या कडा वर घेऊन गोळा बंद करायचा. मुठीपेक्षा थोडा मोठा असा हा गोळा म्हणजे रोडगा. तिकडे गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. त्या पूर्ण पेटून, धूर संपून, लाल इंगळ झाले की रोडगे त्यावर मांडायचे, फिरवत राहायचे आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवायचे. पाऊण तास, तासाभरात ते होतात. मग पोत्यात किंवा जाड फडक्यात घोळून राख झाडायची, हातानं फोडायचे आणि त्यावर तूप सोडायचं. पत्रावळीवर सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. फोडलेल्या रोडग्याचे आतले पदर सुटे झालेले दिसले की करणाऱ्याचा हात साधला असं समजायचं.

याच कणकेला वऱ्हाडात आणखी दोन वाटा आहेत. माझ्या आईचं माहेर अकोट तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडे पळस मुबलक. त्यामुळे तिच्या माहेरी पानगे होत. कणकेचा जाड थापा पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवायचा आणि तसाच इंगळावर भाजायचा. पान करपतं, पण पीठ करपत नाही आणि पानाचा एक हलका तुरट वास पानग्याला लागतो. माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. तिथं रोडगे. आणि अमरावतीत, अकोल्यात, जिथं अंगण नाही, गोवऱ्या नाहीत, तिथं बिट्ट्या. कणकेचे गोळे आधी उकडायचे किंवा वाफवायचे, मग कापून तेलात किंवा तुपात तळायचे. खानदेशातली वरण-बट्टी याच घराण्यातली.

तिन्ही रीती एकाच अडचणीवरचे तीन तोडगे आहेत. जाड गोळा थेट विस्तवात टाकला तर बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो. रोडग्यात पदर पाडून, मध्ये तेल घालून आणि राखेची मंद उष्णता देऊन ही अडचण सुटते. पानग्यात पान आड येतं. बिट्टीत पाणी आणि तेल अशा दोन पायऱ्या करून काम भागतं. पुतणीचा नवरा टर्कीशी जे झगडत होता तेही हेच. सहा-सात किलोच्या त्या पक्ष्याच्या छातीचं मांस लवकर होतं आणि मांडीचं उशिरा. मांडी शिजेपर्यंत थांबावं तर छाती कोरडी पडते. म्हणून तिकडे कोणी भट्टीत ठेवून वरून लोणी सोडत राहतं, कोणी तो मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवतं, कोणी मंद धुरावर तासन् तास ठेवतं, तर कोणी अंगणात मोठ्या भांड्यात तेल तापवून अख्खा पक्षी तळतं. बर्फ पुरता न वितळलेला पक्षी उकळत्या तेलात सोडला की तेल उसळून आग लागते, म्हणून तिथली अग्निशमन खाती दर वर्षी लोकांना सावध करतात. सणाचं मोठं अन्न कुठलंही घ्या, त्याभोवती रीतींची भांडणं असतातच. अकोटचे लोक दर्यापूरच्या रोडग्याला "कोरडा" म्हणतात आणि दर्यापूरचे अकोटच्या पानग्याला "कच्चा". आमच्या घरात हे भांडण साठ वर्षं चाललं.

*

आता पहिलं विधान. रोडगा मारवाड्यांकडून आला का?

हे म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे. 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. 1870 साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयनं स्वतः येऊन खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. अमरावती, अकोला, खामगाव या कापसाच्या पेठा झाल्या आणि राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यांची संख्या वाढली. त्यांच्या घरी दाल-बाटी होती. बाटीही कणकेचाच गोळा, तीही गोवऱ्यांवर भाजलेली, तीही तुपात बुडवलेली. तेव्हा गुरू कोण आणि शिष्य कोण हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

पण कापसाच्या या तेजीच्या सुमारे तीनशे वर्षं आधी पैठणच्या संत एकनाथांनी एक भारूड रचलं होतं. एकनाथांचा काळ 1533 ते 1599. त्या भारुडातली सून भवानीआईला नवस बोलते. तिचं गाऱ्हाणं सासरच्या माणसांबद्दल आहे. सासरा, सासू, जाऊ, नणंद, शेवटी नवरा, एकेकाची वाट लाव आणि मला एकटीला राहू दे, असं ती मागते. अध्यात्माच्या भाषेत ती सगळी माणसं म्हणजे विकार आणि पाश. आपल्या कामाचा मुद्दा हा, की या नवसाच्या बदल्यात ती देवीला जे वाहणार आहे तो रोडगा. श्रोत्यांना रोडगा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या बाईच्या तोंडी हा शब्द इतका रुळलेला होता.

दुसरा पुरावा देवघरातला आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं या दिवसापासून वांगं खाऊ लागतात. खंडोबाच्या ताटातली ही जोडी नीट पाहा: रोडगा आणि वांगं. वऱ्हाडातल्या शेतावरच्या पंगतीत तीच जोडी आहे. बाटीच्या जोडीला डाळ असते, वांगं नव्हे. आपल्या रोडग्याचं नातं देवाच्या या जुन्या नैवेद्याशी अधिक जवळचं आहे, असं मला यावरून वाटतं.

आणि निखाऱ्यावर कणकेचा गोळा भाजणं ही कल्पना तर कुणा एका प्रांताची नाहीच. एकनाथांच्याच शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'अंगारकर्कटी' नावाचा पदार्थ आहे. गव्हाचं पीठ पाण्यानं घट्ट मळायचं, वड्यासारखे गोळे करायचे आणि धूर नसलेल्या विस्तवावर हळूहळू भाजायचे. 'धूर नसलेल्या' ही अट वाचली आणि मी पुस्तक मिटून आईकडे गेलो. ती म्हणाली, "मंग? धुवारात टाकले तर कडू नाही होत का?" जे भावमिश्रानं संस्कृतात लिहून ठेवलं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. राजस्थानची बाटी, बिहारची लिट्टी, खानदेशची बट्टी आणि आमचा रोडगा ही चुलत भावंडं आहेत. त्यांच्यात बाप शोधण्यात अर्थ नाही. माझं पहिलं विधान चुकलं होतं.

*

मग रोडगा वऱ्हाडचा इतका लाडका का झाला? याचं उत्तर जमिनीत आहे.

सर आल्फ्रेड लायल यांनी संपादलेला वऱ्हाडचा गॅझेटियर 1870 साली प्रसिद्ध झाला. 1910 साली अकोल्याचा आणि 1911 साली अमरावतीचा स्वतंत्र गॅझेटियर आला. त्यांतून जे वऱ्हाड दिसतं ते ज्वारी आणि कापूस यांचं आहे. रोजचं पोट ज्वारीच्या भाकरीवर, हातात पैसा कापसाचा. गहू होता, पण तो रोजच्या ताटातला नव्हता. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूगर्भातलं पाणी खारं, म्हणून विहिरीवर ओलीत नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीचं पीक निघतं. त्यात बन्सी गहू होत असे. कठीण दाण्याचा, पिवळसर. त्याची पोळी मऊ होत नाही, पण जाडसर दळला तर रोडगा असा होतो की तसा दुसऱ्या गव्हाचा होत नाही. ज्वारी खाणाऱ्या घरात गव्हाचा दिवस म्हणजे सणाचा दिवस. रोडगा सणाचा झाला तो या टंचाईतून.

इंधनाचंही तसंच. मेळघाटातलं लाकूड मेळघाटात. खाली मैदानात झाडं विरळ. रोजच्या चुलीत पऱ्हाट्या जळत, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. भाकरीला तो चालतो, रोडग्याला नाही. रोडग्याला गोवरी लागते, जी हळू पेटते आणि राख होऊनही आतून धगधगत राहते. पण शेणाची गोवरी केली की ते शेण खत म्हणून शेतात जात नाही. डॉक्टर फोएल्कर या इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञानं हिंदुस्थानभर फिरून 1893 साली शेतीसुधारणेवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्यानं हाच पेच मांडला: शेतकऱ्याला खताची किंमत कळत नाही असं नाही, त्याच्याकडे जाळायला दुसरं काही नाही. म्हणजे पन्नास माणसांचे रोडगे भाजायला जेवढ्या गोवऱ्या लागतात तेवढं खत शेतातून काढून आणलेलं असतं. गहू दुर्मीळ, शेण मौल्यवान. असा पदार्थ रोज कोण करणार? तो नवसालाच, किंवा पीक घरात आल्यावरच.

हिवाळ्यात नवी वांगी, नवी तूर, वेचणीचे दिवस. त्या दिवसांत शेतावर रोडगे होतात. आणि त्याच हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, बहिरमची यात्रा भरते. 20 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. अमरावती-अकोल्याकडची माणसं तिथं राहुट्या ठोकून मुक्काम करतात. बहिरमचं नाव काढलं की वऱ्हाडी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं ते दोन गोष्टींनी: हंडीतलं मटण आणि रोडगे. मातीच्या हंडीत मसाला, मटण घालून तोंड झाकून मंद विस्तवावर ठेवतात आणि शेजारच्या इंगळात रोडगे. मांसाहारी वऱ्हाडाचं सणाचं जेवण ते हेच. टर्कीच्या जागी आमच्याकडे काय, असं पुतणीच्या नवऱ्यानं विचारलं असतं तर मी त्याला बहिरमची हंडी दाखवली असती.

पूर्वी देवापुढे बळी दिले जात. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनांतून आयुष्यभर पशुबळीविरुद्ध, नवसासाठी काढलेल्या कर्जाविरुद्ध लोकांना फटकारलं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगावला त्यांनी देह ठेवला. यात्रा आजही त्याच तारखेच्या आगेमागे सुरू होते. देवाला काय द्यायचं आणि माणसांना काय वाढायचं, हा प्रश्न त्यांनी वऱ्हाडाला पुन्हा पुन्हा विचारायला लावला. पंगतीतला रोडगा मात्र कुठल्याच बाजूला नडला नाही. तो मटणासोबतही बसला आणि भंडाऱ्यात वांग्यासोबतही.

*

आता दुसरं विधान. रोडगा पुरुषांचा का?

बहिरमला जा, शेतावर जा, हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला जा, विस्तवाजवळ पुरुषच दिसतील. बनियन घातलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले, हातात लांब काठी घेऊन रोडगे फिरवणारे. माझे वडील असे होते. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. त्यांच्यामागे मी विस्तवाजवळ उभा राहू लागलो आणि स्मरणिकेतला लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र होतं.

पण मी आईला विचारत गेलो. शेतावर रविवारी रोडगे असले तर तू काय करायचीस? सुरुवातीला तिला प्रश्नच कळेना. मग तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं क्रमानं लिहून घेतलं. दिवाळीपासून रोज सकाळी गोठ्यातलं शेण गोळा करायचं. त्यात गव्हांडा, कुटार कालवून गोवऱ्या थापायच्या. वाळल्या की उलटायच्या. वाळल्यावर रचून ठेवायच्या, वरून झाकायच्या, म्हणजे दवानं ओल्या होत नाहीत. गहू निवडायचा. पीठगिरणी गावात येण्याआधी तो जात्यावर दळायचा, तोही जाडसर, म्हणजे जात्याचा पाळू थोडा वर उचलून. मोहनाचं तेल, ओवा, मीठ बांधून द्यायचं. वांगी धुवायची, चिरून मिठाच्या पाण्यात ठेवायची. मिरची-लसूण वाटून द्यायचं. तूप कढवायचं. पत्रावळी लावायच्या. हे सगळं बैलगाडीत भरून दिलं की पुरुष शेतावर जायचे. "मंग तुमचे बाबा आग लावत," आई म्हणाली. तिच्या म्हणण्याला दुहेरी अर्थ होता की नाही, मला सांगता येणार नाही.

मी विचारलं, "आणि तुम्ही बायका जेवायच्या कधी?"

"उरले तं डब्यात येत. थंडे. चहासंगं खाओ आम्ही."

साठ वर्षं मी रोडगा गरम खाल्ला. आई तो थंड, चहात बुडवून खात होती, हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. स्मरणिकेतल्या लेखात मी रोडग्याची सुरुवात गोवरी पेटवण्यापासून केली होती. त्याआधीचे दीड महिने माझ्या इतिहासात नव्हते.

एकनाथांचं भारूड मग मला वेगळं दिसू लागलं. रोडग्याचा एवढा जुना साक्षीदार, आणि तो पुरुष नाही. नवस बोलते ती सून. सासरच्या गोतावळ्यात दमलेली, एकटं राहायला मिळावं म्हणून तळमळणारी. तिनं देवीला कबूल केलेला रोडगा ती स्वतः करणार होती. तिनंच शेण थापलं असणार, तिनंच दळलं असणार. भारूड ऐकून आपण तिच्या मागणीला हसतो. एकनाथांनी त्या हसण्यातून परमार्थ सांगितला. पण परमार्थ सांगायला त्यांनी जी वस्तू निवडली ती त्या बाईच्या रोजच्या कष्टातली निवडली, हे मला आता महत्त्वाचं वाटतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. पुतणीच्या थँक्सगिव्हिंगचा इतिहास मी याच काळात वाचला. टर्की हा मूळ अमेरिकेतला पक्षी. गोव्यातल्या पोर्तुगीजांकडून 1612 च्या सुमारास तो जहांगीर बादशहाच्या दरबारात आला. बादशहानं आठवणींत त्याचं वर्णन केलं, उस्ताद मन्सूरनं त्याचं सुरेख चित्र काढलं. आपल्याकडे तो चित्रातच राहिला. तिकडे तो सणाचा पक्षी झाला, त्यामागे सारा जोसेफा हेल या संपादक बाईंचा मोठा वाटा होता. 1827 च्या आपल्या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या मेजाच्या अग्रभागी भाजलेली टर्की ठेवली. पुढे बायकांच्या मासिकातून, राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहून, सगळ्या देशानं हा सण एकाच दिवशी पाळावा म्हणून त्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी 3 ऑक्टोबर 1863 रोजी अब्राहम लिंकननं तशी घोषणा केली. सण लिंकनच्या नावावर लागला.

1863 हे साल वाचून मी थबकलो. त्याच यादवी युद्धाच्या मधलं साल. त्याच युद्धामुळे अमरावतीच्या पेठेत कापसाचा भाव चढत होता, दर्यापूरच्या शेतातून गाड्या भरून जात होत्या. एकाच युद्धानं तिकडे टर्कीचा दिवस पक्का केला आणि इकडे वऱ्हाडी शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा खेळवला. दोन्हीकडचा इतिहास घोषणा करणाऱ्यांचा आणि विस्तव पेटवणाऱ्यांचा लिहिला गेला.

*

आज आमच्या गावात नांगरट ट्रॅक्टरनं होते. बैलजोड्या मोजक्या उरल्या. गोवऱ्या थापणारे हात नाहीत आणि त्याबद्दल मी हळहळणार नाही. कडाक्याच्या थंडीत ओल्या शेणात हात घालणं हे काही कुणाचं सुख नव्हतं. अमरावतीत आता गोवऱ्या विकत मिळतात. शहरातल्या घरांतून गॅसवरच्या जाळीच्या भांड्यात, विजेच्या भट्टीत रोडगे होतात आणि चांगले होतात. आई म्हणते, राखेचा वास येत नाही. तीच पुढे म्हणते, "पण गरम भेटतेत."

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी पुतणीनं फोटो पाठवला होता. स्मोकरमधले रोडगे एका बाजूनं काळे झाले होते, दुसऱ्या बाजूनं फिके. टर्की बरी दिसत होती. फोटोत जावई चिमटा हातात घेऊन हसत उभे होते. पुतणी फोटोत नव्हती, फोटो तिनंच काढला असणार. मी तिला फोन केला आणि म्हटलं, काल तुला मी एक चुकीची गोष्ट सांगितली. रोडगे पुरुष करतात हे खरं नाही. पुरुष ते भाजतात.

ती हसली. म्हणाली, "मला माहीत आहे, काका. कणीक मीच भिजवली होती."

या हिवाळ्यात आमच्या शेतावर रोडगे आहेत. गोवऱ्या विकत आणल्या आहेत, कणीक मी भिजवणार आहे आणि आईला गाडीत घालून शेतावर नेणार आहे. पहिला रोडगा तिच्या पत्रावळीवर पडेल. तो कच्चा निघाला तर ती तसं सांगेल, अकोटची आहे.